तुझा कासा, माझी हुइफी

कोल्पानी,
जून, सान हुआनच्या सणानंतरचा शुक्रवार

प्रिय एउलोखिया,

तुला आणि आमच्या नातीला, लीनाला, आम्हा दोघांचे आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. तुझ्या सासऱ्यांचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा जास्त ते स्वतः कुरकुरतात. तुझं पत्र मिळालं. उत्तर देते, पण आधी घरचं ऐक.

यंदा हिंव उशिरा पडलं. सणाच्या शेकोट्या विझल्या तरी आभाळ भरलेलंच. बटाटे माळावर पसरून आम्ही नुसते वाट बघत बसलो. हिंवाने बटाटा गोठला नाही तर तुडवून, वाळवून चुन्यो कशाचा करणार? बटाटे हिरवे पडायला लागले होते. शेवटी आभाळ निवळलं, आणि बुधवारी सकाळी बघते तर सगळा माळ पांढरा, लामांच्या पाठीसुद्धा पांढऱ्या. मी अंगणातून हाक दिली, "हुइफी आली हो." आतून तुझे सासरे म्हणतात, "कासा आला म्हण. पोरीची बाजू घ्यायला आता इथे कोण आहे?" जन्माने आयमारा माणूस, आणि वकिली केच्वा सुनेची करतो. अंथरुणातून उठायच्या आधी.

तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी दारात उभी राहून म्हणालीस, "कासा आला." मी म्हटलं, ह्या आयमारा घरात हिंवाला हुइफी म्हणतात. तर तू म्हणालीस, "आई, तुम्ही काहीही म्हणा, बटाट्यांना कुठे कळतंय?" मी शेजारी जाऊन सांगून आले की आमच्या सुनेला जीभ फार आहे. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. मुकी सून मला चालली नसती.

मग दर वर्षी तेच. हिंव तुझ्या माहेरच्या डोंगरावरून उतरतं, म्हणून नावही माहेरचंच, असं तुझं म्हणणं. तेव्हापासून सासरे त्याला व्याहीबुवा म्हणायला लागले. "व्याहीबुवा आले, उठा, पाय धुवा." आणि माझ्या सेवेरोला विचारलं की तो म्हणायचा, "ज्या नावाने लवकर जेवायला मिळेल ते माझं."

परवा आम्ही दोघांनीच बटाटे तुडवले. उन्हाने बर्फ सुटला तसे अनवाणी उतरलो, एकमेकांच्या खांद्याला धरून. पाणी निघता निघेना. मध्येच सासरे थांबले आणि म्हणाले, "सेवेरोची टाच जड होती. एका फेरीत पाणी काढायचा." खाणीने पोराला गिळलं तेव्हापासून आम्ही घरात त्याचं नाव फारसं घेत नाही. मी तुडवत राहिले.

आता तुझ्या पत्राकडे येते.

एरास्मोची पावाची भट्टी आहे, माणूस पीत नाही, लीना त्याच्या मागे मागे असते, हे सगळं वाचलं. पण शेवटी लिहिलंस, "आई, तुम्ही नाही म्हणालात तर मी हे लग्न करणार नाही." हे कशाला लिहिलंस? माझ्या डोक्यावर कशाला ठेवलंस? राग आला मला तुझा. मी उत्तर लिहिलं होतं, नाही म्हणून. घर तुझं आहे, परत ये, असं लिहिलं होतं. मग त्याच कागदाने चूल पेटवली. सेवेरो गेल्यावर तुला माहेरी मीच धाडलं होतं, तिथे तुझं मन रमेल म्हणून. आता रमलं, तर मी तक्रार कोणत्या तोंडाने करू?

भीती वाटते, एवढंच. लीना दुसऱ्याच्या घरची होईल आणि मोठी झाल्यावर हुइफी म्हटलेलं तिला कळणारही नाही.

कोठीतलं ते एक पोतं तुला ठाऊक आहे. सेवेरोने शेवटच्या जूनमध्ये तुडवलेला चुन्यो. तू एकदा मागितलास तर मी म्हटलं, तो खराब झाला. सुकलेला चुन्यो खराब होत नाही हे तुलाही माहीत होतं. तू गप्प बसलीस. ते मी विसरलेले नाही.

बुधवारी तुडवून झाल्यावर सासरे कोठीत आले, पोत्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे कुणासाठी ठेवलंयस? तो तर खायला येणार नाही." मी पोतं उघडलं. चुन्यो खडखडीत, हलका, जसा भरला होता तसाच. थोडा काढून काल सूप केलं. सासरे दोन वाट्या प्यायले. आम्ही दोघंही रडलो. सूप चांगलं झालं होतं.

बाकीचं पोतं ट्रकवाल्याबरोबर पाठवते आहे. लग्नाच्या जेवणात घाल. रात्रभर भिजव, पाणी दोनदा बदल, तू घाई करतेस. पहिली वाटी एरास्मोला दे, आणि हा कुणाच्या पायांनी तुडवलेला आहे ते त्याला सांग. गुपचूप सगळी वाटी संपवली तर माणूस चांगला. तोंड वाकडं केलं तर त्याला भट्टीवर परत पाठव आणि तू इकडे ये.

लग्न कर, पोरी. मी हो म्हणते आहे. सासरे तर मी विचारायच्या आधीच हो म्हणाले.

एक मात्र मागते. दर जूनला लीनाला इकडे पाठव. पाय गारठतील म्हणून लाड करू नकोस, तिच्या बापाचेही गारठायचे. ती हिंवाला कासा म्हणाली तर म्हणू दे. मी तिच्याशी भांडेन, तुझ्याशी भांडले तशी. पण आजी हरली असं तिला सांगू नकोस, कारण मी हरलेली नाही.

एरास्मोच्या आईला काय म्हणायचं ते तू ठरव. ह्या पत्राखाली मी जे लिहिते ते मी बदलणार नाही. शब्दांच्या बाबतीत मी कशी आहे ते तुला माहीत आहे.

तुझी सासू,
सातुर्निना