गल्लीतला धाकटा

४ मार्च
सामान लावून झाले. घर लहान, पण नेटके आहे. दोन खोल्या, भरपूर उजेड आणि समोर गॅलरी. तीत दोन खुर्च्या नीट मावतात. एकट्या माणसाला दुसरी खुर्ची कशाला, असे मुलाने विचारले होते. ही त्या खुर्चीवर बसत असे, एवढेही मी त्याला सांगितले नाही. मुलाच्या घरी तिचा विषय निघाला की सूनबाई हळूच टीव्हीचा आवाज वाढवी; माझ्या हातातली भाजीची पिशवी काढून घेई आणि मायेने म्हणे, बाबा, तुम्ही बसा. हिच्यामागे मी तेथे बसून बसून फर्निचर झालो होतो.

येथे मात्र गंमत आहे. शाळेच्या इमारतीत आता दवाखाना चालतो. खेळण्यांच्या दुकानात काठ्या आणि कानाची यंत्रे मिळतात. चौसष्टाव्या वर्षी मी गल्लीत सर्वांत धाकटा ठरलो. समोरच्या शिंपीणकाकूंनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि, चला, एकदाचे पोर आले गल्लीत, असे जाहीर केले. पुष्कळ दिवसांनी मी हसलो.

९ मार्च
येथील रीत शेजारच्या मास्तरांनी समजावली. तरुण मंडळी केव्हाच निघून गेली, आता बोलावूनही येत नाहीत. तेव्हा ज्याला जे जमेनासे झाले, ते गल्लीतल्या धाकट्याने करायचे. मला ही व्यवस्था अत्यंत न्याय्य वाटली. काकूंना सुईत दोरा ओवून दिला, मास्तरांचे पाण्याचे कॅन जिन्यावरून वर नेले. कोणीतरी आपल्याला काम सांगावे, यात केवढे सुख असते.

माझ्यापूर्वी धाकटे कोण होते, असे मी विचारले. मास्तरांनी कोपऱ्यावरच्या घराकडे बोट दाखवले. तेथे खिडकीशी एक गृहस्थ भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. नव्वदीचे तरी असावेत. मास्तर म्हणाले, छे हो, तुमच्याहून दोन वर्षांनीच मोठे. थट्टा करण्याची त्यांची पद्धत गंभीर आहे.

१७ मार्च
मास्तरांना विस्मरणाचा त्रास आहे. त्यांच्या पत्नीला जाऊन फार काळ लोटला. तिचा चेहरासुद्धा आता आठवत नाही, असे त्यांनी सांगितले. माझ्यापाशी हिच्या आठवणींखेरीज दुसरे काय आहे? मग त्यांनी संकोचून विचारले, तुमच्या सौभाग्यवतींविषयी सांगाल का, ऐकून बरे वाटेल. ते दुसऱ्या खुर्चीवर बसले आणि मी सांगत गेलो. तिच्या भुवईवरचा व्रण. चादरीची घडी घालताना माझ्या हातातले टोक अचानक ओढून माझा तोल जाताना पाहण्याची तिची खोड. अंधार पडेपर्यंत ते ऐकत होते. इतके निगुतीने कोणी ऐकले नव्हते.

२ एप्रिल
वर्तमानपत्राची अक्षरे पुसट दिसतात. गुडघे जिना चढू देत नाहीत. वयोमानाप्रमाणे हे व्हायचेच. परंतु शिंपीणकाकू आज चष्म्याशिवाय दोरा ओवत होत्या आणि मास्तर दोन्ही हातांत कॅन घेऊन माझ्यापुढून जिना चढून गेले. काकू म्हणाल्या, धाकट्यांच्या हाताला गुण आहे हो. सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

एप्रिल, रविवार
मास्तरांनी सर्वांना एक सुरेख गोष्ट सांगितली. त्यांची पत्नी म्हणे चादरीची घडी घालताना टोक ओढी आणि यांचा तोल जाई. काकू डोळे पुसेपर्यंत हसल्या. काय भाग्यवान माणूस, असे माझ्या मनात आले.

घरी येऊन चादर घडी करायला घेतली. माझ्या मुठी आपोआप घट्ट आवळल्या, जणू समोरून कोणी ओढणार होते.

कोण?

सोमवार असावा
तिचा व्रण कोणत्या भुवईवर होता — डाव्या — नाही. फोटो पाहिला. बाई ओळखीची वाटते, यापलीकडे काही —

मुलाला फोन केला. आजोबा, तुम्हाला कोण पाहिजे, असे त्याने अदबीने विचारले. मी बाबा म्हणालो. माझ्या बाबांचा आवाज असा नाही, म्हणाला. ठेवला.

वार आठवत नाही
दार लावून घेतले. मास्तर बाहेर आहेत. रागावत नाहीत. फक्त विचारतात — तिला काय म्हणत होतात, एवढेच सांगा, धाकटे.

नाव मी त्यांना सांगितलेले नाही. या वहीतही लिहिले नाही. लोकांत नेहमी 'ही' म्हणत आलो, संकोचाने — ते नाव तेवढे आता उरले आहे. माझे. आज लिहून —

नंतर
काकूंनी दारातून आनंदाची बातमी दिली. कोपऱ्यावरचे गृहस्थ गेले, ते घर एकजण बघून गेला, साठीचा आहे, आता तुम्हालाही विश्रांती. दार कोणी उघडले कोण जाणे, मास्तर आत आले होते. किती प्रेमाने विचारतात. ओठ उघडले होते, पण मी बहुधा — सांगितले का?

लिहायचे होते काहीतरी. हात —

गॅलरीत मास्तर दुसऱ्या खुर्चीकडे वळून कोणाला तरी हाक मारत आहेत. गोड नाव आहे. पूर्वी कुठेतरी हे —