सेनापती असंच बोलला असता

४ मार्च, सकाळी
ठरलं. रोज वीस पानं, मध्ये चहा नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. माझ्या एकुलत्या एक पीएचडीच्या विद्यार्थिनीचा थीसिस आठवड्यात वाचून संपवायचा.

विषय मीच दिलेला. जुने इतिहासकार लढाईआधी सेनापतींच्या तोंडी भाषणं कशी घालायचे. ती कुणी ऐकलेली नसायची. प्रसंगाला काय शोभेल ते बघून लेखक स्वतःच रचायचे.

दुपारी
तिसरं प्रकरण फक्कड. वेढ्यात अडकलेल्या सेनापतीच्या भाषणावर तिने अठरा पानं लिहिलीत. ‘संयत, तरी काळजाला भिडणारं’ म्हणते. खरंच आहे. भाषण कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय.

दुपारी, चहानंतर
भाषण माझं आहे.

५ मार्च
सात वर्षांपूर्वी वर्गात नमुना हवा होता म्हणून बसल्या बसल्या रचलं होतं. खाली एका हस्तलिखिताचं नाव टाकलं, पुढे ‘पान ४१’. जरा वजन यावं म्हणून. हे बनावट आहे असं तोंडी सांगणार होतो, तेवढ्यात तास संपला. नोट्सच्या झेरॉक्स निघाल्या. पहिल्या बाकावर ही.

दोन वर्षांपूर्वी तिने विचारलंही होतं, मूळ हस्तलिखित संग्रहालयात जाऊन बघू का? मी म्हणालो, मी बघितलंय ना, तू कशाला धूळ खायला जातेस. हस्तलिखिताची एकूण पानं छत्तीस.

उद्या सकाळी पहिलं काम, तिला सांगणं.

७ मार्च
काल सांगणारच होतो. पण तिने अर्पणपत्रिका दाखवायला काढली. ‘मूळ साधनांशी प्रामाणिक राहायला शिकवणाऱ्या सरांना.’ अशा वेळी विषय काढणं बरं दिसलं नसतं. दोन स्वल्पविराम दुरुस्त करून दिले.

१० मार्च
शांतपणे विचार केला. एवढे मोठमोठे इतिहासकार आयुष्यभर भाषणं रचत आले, त्यांना कुणी खोटारडं म्हटलं नाही. मी त्याच परंपरेतला. एका अर्थी तिने जिवंत परंपरेचा अभ्यास केलाय. बरं वाटलं.

बायकोला हे समजावून सांगितलं. ती दवाखान्यात नर्स आहे, तिला साहित्याचं अंग नाही. म्हणाली, तुझे ते इतिहासकार मरून गेले, ही पोरगी जिवंत आहे. जूनपर्यंत डिग्री हातात नसली तर तिची कॉलेजातली जागा दुसऱ्याला जाणार, हे तूच सांगितलंस ना? मी म्हणालो, हो. जेवण गेलं नाही.

१५ मार्च
बाहेरच्या परीक्षकांचं नाव कळलं. त्या हस्तलिखिताची सूची ज्यांनी केली, तेच.

तडक विद्यार्थिनीला फोन लावला. तिच्या आईचा गुडघा कसा आहे ते विचारलं. बरा आहे. लाज वाटली, पण गुडघ्याचं कळलं हेही काही कमी नाही.

२० मार्च
कबुलीजबाब लिहून काढला, अगदी शास्त्रोक्त. आधी श्रोत्यांची मनं वळवणं, मग हकिकत, मग युक्तिवाद, शेवटी करुणेला हात. सात पानं झाली. बायकोने वाचून सांगितलं की चूक सहाव्या पानावर येते. तिचं म्हणणं मनावर घेऊन कात्री लावली. आता पाचव्यावर येते.

व्हायवाच्या आधी नक्की.

२७ मार्च
व्हायवा उद्या. आदल्या दिवशी सांगून तिचा आत्मविश्वास घालवणं गाईडला शोभत नाही. उद्या सगळ्यांसमोरच बोलेन. नीट झोप मात्र नाही.

२८ मार्च, संध्याकाळी
परीक्षकांनी चष्मा काढून विचारलं, छत्तीस पानांच्या हस्तलिखितात एक्केचाळिसावं पान आलं कुठून? खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. तेव्हा मी उठलो. म्हणालो की दोष हिचा नाही, हे भाषण माझ्या हातचं आहे, हिने माझ्यावर विश्वास ठेवला एवढाच हिचा गुन्हा, आणि जी काही शिक्षा असेल ती या पिकल्या केसांना द्यावी. विभागप्रमुखांनी डोळे टिपले. परीक्षक म्हणाले, असा गुरू मिळायला भाग्य लागतं. तिला डिग्री जागीच जाहीर झाली.

२९ मार्च
कालचं पुन्हा वाचलं. लिहिलंय छान.

मी उठलो होतो, एवढं खरं. खिडकी लावायला. बाहेर गाड्यांचा आवाज फार होता.

प्रश्न आल्यावर तिने एकदाच माझ्याकडे बघितलं. माझ्या नोट्सची झेरॉक्स तिच्या फाइलमध्ये अगदी वरच होती, पान ४१ला लाल खूण केलेली. तिने त्या झेरॉक्सवर हात ठेवला आणि म्हणाली, टिपणं काढताना माझीच चूक झाली असणार. परीक्षकांनी प्रकरण काढून नव्याने लिहायला सांगितलं, मुदत सहा महिने. म्हणजे जूनची जागा गेली. मी खिडकीची कडी लावत होतो. कडी लागतच नव्हती.

नंतर व्हरांड्यात ती माझ्याजवळ आली. आता विचारेल म्हणून मी खिशातली कबुलीजबाबाची पानं चाचपली. तिने एवढंच विचारलं, सर, चेहरा उतरलाय तुमचा, पाणी देऊ का?

प्यायलो.