साडेनऊचं गाणं कुणाचं

मु. पळसदरी, ता. कर्जत, जि. कुलाबा
बुधवार, १४ मे १९७५

तीर्थस्वरूप धाकलूदादास,

चुलतबहीण जयवंताचा वाकून नमस्कार. (वाकले खरी, पण पत्र वाचून झाल्यावर हा नमस्कार ठेवायचा की परत पाठवायचा ते तुझं तू ठरव.) इकडे आम्ही सगळी बरी आहोत. म्हैस व्याली, रेडा झाला. तुझा गुडघा कसा आहे? गेल्या महिन्यात मी दोनदा साजगावला, तू राहतोस त्या तुझ्या सासुरवाडीला, येऊन गेले. दोन्ही वेळा वहिनीने दारातच सांगितलं की तू ड्यूटीवर आहेस, आणि दोन्ही वेळा तुझी चप्पल उंबऱ्याशी होती. कारखान्याचा टाइमकीपर अनवाणी कामावर जातो हे मला नवीन होतं. असू दे. तोंड दाखवायचं नसेल तर पत्र तरी वाचशील, म्हणून सातवी पास झाल्याचा हा उपयोग करते आहे. तुझ्याकडून मला काही नको. गावात ही हकीकत सतरा तऱ्हांनी सांगतायत, ती तुला एकदा खरी कळावी एवढंच.

तर झालं असं. एप्रिलमध्ये खोपोलीला एक लग्न होतं. लग्नात गाणी म्हणायला मला बोलावतात हे तुला ठाऊक आहे. यंदाही बोलावलं, म्हणून मी शकूला घेऊन गेले. (शकू म्हणजे माझी थोरली. कर्जतला अकरावीत आहे आणि इंग्रजी घडाघडा वाचते.) मांडवात पाय ठेवला तर नवरीचा काका पुढे आला आणि फार गोड आवाजात म्हणाला, "जयवंताबाय, यंदा तू नुसती जेव. आमी रेकॉर्डी आणल्यात." कोपऱ्यात नागू लाऊडस्पीकरवाला टेबल मांडून बसला होता. मी बायकांत जाऊन बसले. वीस वर्षांत पहिल्यांदा मी लग्नात नुसती बसले, आणि नुसतं बसणं किती जड असतं ते मला त्या दिवशी कळलं. दोन रेकॉर्डी झाल्या. तिसरी लागली ती इंग्रजी. गिटार, ढोल, एक मुलगा नाकातून काहीतरी विनवतोय. आणि मग चार गडी मिळून ओरडायला लागले, साडेनऊ, साडेनऊ.

दादा, मला वाटलं कान वाजतायत. चाल माझी, वळण माझं, साडेनऊ म्हणताना शेवटी जो हेलकावा देते तोही माझाच. म्हणजे मला गप्प बसवायला जे यंत्र आणलं होतं, त्यातून मीच बाहेर पडत होते.

मी उठून नागूकडे गेले. त्याने रेकॉर्डीचं पाकीट दाखवलं. त्यावर चार केसाळ मुलांचा फोटो. शकूने वाचून सांगितलं की या मंडळींचं नाव ब्लू लँटर्न्स, आणि शब्द व चाल लेस्टर नावाच्या मुलाची. पाकिटाच्या मागे गाण्यामागची कहाणीही छापली होती. ती अशी, की लेस्टरचं एका मुलीवर प्रेम होतं, ती त्याला रोज साडेनऊला भेटायची, एक दिवस त्याच वेळी ती बोटीत बसून परदेशी गेली, आणि त्याने रडत रडत एका बैठकीत हे गाणं लिहिलं. नागू म्हणाला, मुंबईत कॉलेजातली पोरं साडेनऊ हा फ्रेंच शब्द आहे असं समजतात. मी फोटो नीट बघितला आणि डावीकडून दुसरा ओळखला.

दोन वर्षांमागे, भातलावणीच्या दिवसांत, ही चौघं आमच्या धरणावर सुट्टीला आली होती. आम्ही बायका खाचरात होतो, गाणं चाललं होतं. हा लेस्टर बांधावर येऊन उभा राहिला. वांद्र्याचा मुलगा, आजी घरात मराठी बोलते म्हणून त्यालाही येतं. म्हणाला, मावशी, परत म्हणा ना. आणि मी, अडाणी नव्हे पण भोळी, अकराच्या अकरा कडवी त्याच्या टेपरेकॉर्डरमध्ये म्हटली. वर त्याला भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. रडला हे मात्र खरं. त्या चटणीत सात मिरच्या होत्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि बिचारा पाणी पाणी करत होता. बोटीत बसून कुणी गेलेलं मी तरी बघितलं नाही.

आता गाण्याची खरी कहाणी. ती तुला सांगायची गरज नाही, पण तू ती इतकी वर्षं विसरून राहिलास की एकदा लिहून काढलेली बरी. सन एकसष्ट, तुझं लग्न. मुलगी साजगावची, मुहूर्त सकाळी दहा पंचवीसचा. तू कुणाचं तरी मनगटी घड्याळ मागून आणलंस, कारण नवऱ्याच्या हातात घड्याळ पाहिजे असं तुझ्या डोक्यात बसलं होतं. त्याला चावी द्यावी लागते हे त्या माणसाने सांगितलं नाही, की तू ऐकलं नाहीस, देव जाणे. वऱ्हाड पहाटेच बैलगाड्यांतून निघालं, वाटेत आंब्याखाली टेकलं. किती वाजले विचारलं तर तू ऐटीत हात वर केलास, बाही मागे सारलीस आणि म्हणालास, साडेनऊ. लोक म्हणाले, मग आहे वेळ, आणि आडवे झाले. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. साडेनऊ. सावली आंब्याच्या बुंध्यात शिरली तरी साडेनऊ. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. आजीने सूर्याकडे बोट दाखवलं तर तू आजीला म्हणालास, "सूर्याला काय कळतं?" दादा, ते वाक्य ऐकलं आणि माझ्या तोंडून गाणं आपोआप निघालं:

मनगटी बांधला घड्याळ गं,
नवरा सांगतो वेळ गं,
डोईवर आला सूर्यदेव,
तरी साडेनऊ, साडेनऊ.

मांडवात पोचलो तेव्हा भात निवला होता आणि भटजी दुसऱ्या गावच्या लग्नाला गेले होते. लग्न लागलं गोरज मुहूर्तावर. सासऱ्यांना तू सांगितलंस की वाटेत बैल बसला. चौदा वर्षं झाली, बैल मरून गेला, पण साजगावात अजून त्याला नावं ठेवतात. मी तुझी लाज राखली. साजगावात ते गाणं कधी म्हटलं नाही, बाकी सगळीकडे म्हटलं.

तर पुन्हा खोपोलीच्या मांडवात ये. नागू म्हणाला, जाऊ दे बाय, यात एवढं काय. शकू म्हणाली, आई, घरी जाऊ. मी म्हटलं, घरी कशाला, अजून माझी अकराही कडवी बाकी आहेत. नागूच्या टेबलावरचा माईक उचलला आणि रेकॉर्डीच्या वर गायला सुरुवात केली. तिकडे लेस्टर बोटीमागे धावतोय, इकडे मी तुला आंब्याखाली बसवलाय. काका धावत आला, मी पाठ फिरवली. दुसऱ्या कडव्याला म्हाताऱ्या बायकांनी साथ धरली, चौथ्याला नागूने आपण होऊन रेकॉर्ड थांबवली. अकराही कडवी झाली आणि मगच मी जेवायला बसले. (जेवण चांगलं होतं. जिलेबी दोनदा घेतली.)

एवढ्यावर थांबायला पाहिजे होतं असं तुझे मेहुणे म्हणाले म्हणे. मी थांबले नाही. पाकिटावरचा पत्ता घेऊन शकू आणि मी मुंबईला त्या रेकॉर्डीच्या कंपनीत गेलो. दोन तास बाकावर बसवलं. मग साहेबांनी आत बोलावलं. आपल्यातलेच मराठी गृहस्थ, चहा दिला आणि समजूत काढली की बाई, अशी गाणी लोकांची असतात, त्यांना कर्ता नसतो. मी म्हटलं, "साहेब, लोकांचं ते नंतर झालं. जोडलं तेव्हा लोक आंब्याखाली घोरत होते." साहेब हसले, पण मी हसले नाही, तेव्हा तेही थांबले. त्यांनी लेस्टरला बोलावून घेतलं. मुलगा वाईट नाही रे. मला बघताच पाया पडला आणि आधी चटणीची चौकशी केली. म्हणाला, "मावशी, गाण्यामागची कहाणी पाहिजे असं कंपनी म्हणाली. घड्याळ बंद होतं असं सांगून कोण रेकॉर्ड घेईल? म्हणून मी मुलगी घातली." अशी मुलगी मुळात कुणीच नाही. पण वांद्र्यात आता तिघीजणी ती मीच म्हणून सांगतात.

साहेबांनी विचारलं, कंपनीचे पैसे घेऊन मिटवायचं का. मी नको म्हटलं. मला पाकिटावर नाव पाहिजे: जयवंता, पळसदरी. पुन्हा छपाई निघेल तेव्हा तसं घालू म्हणाले, पण घडलं त्याचा पुरावा पाहिजे. झालं, ही बातमी गावात पोचली आणि आपल्या गावच्या विठूने छाती काढून सांगायला सुरुवात केली की गाणं त्याच्या लग्नाचं आहे. लग्नातलं म्हणून एक घड्याळही दाखवतो. त्यात तारीख दिसते आणि पट्ट्यावर अजून दुकानाची चिठ्ठी आहे.

माझ्या अंगाला ऊन लागलं, पाऊस लागला, लोकांनी तोंडाळ म्हटलं, त्याचं मला काही वाटलं नाही. पण मी जोडलेलं माझं नाही, हे मी कुणाच्या तोंडून ऐकून घेणार नाही. साहेबाच्या नाही, विठूच्या नाही, आणि जो बाहेर येतच नाही त्याच्या गप्प बसण्यानेही नाही. बाकी सर्व ठीक. सासऱ्यांना माझा दंडवत, पोरांना पापा, वहिनीला खूप खूप.

तुझी तोंडाळ बहीण,
जयवंता

ता. क. वर लिहिलं आहे की तुझ्याकडून मला काही नको. ते खोडायला जागा नाही, म्हणून इथे लिहिते. रविवारी २५ तारखेला साहेब आणि लेस्टर पळसदरीला येतायत, शाळेच्या ओट्यावर, सकाळी दहाला. तू ये. सासऱ्यांना घेऊन ये. सगळ्यांदेखत सांग की तो नवरा तू, घड्याळ बंद होतं आणि बैल निर्दोष होता. टाइमकीपरची अब्रू जाईल म्हणून घाबरतोस हे मला कळतं. पण तुझी अब्रू एक दिवस जाईल, माझं नाव कायमचं जातंय.

दुसरी ता. क. वहिनीला कळेल म्हणून लपत असशील तर सोड. दुसऱ्या खेपेला तिने मला मागच्या दारी नेऊन सगळं सांगितलं. लग्नात हातात हात दिला तेव्हा तिने तुझ्या मनगटाकडे बघितलं होतं. दिवस मावळत होता आणि घड्याळात साडेनऊ. चौदा वर्षं ती जाणून आहे. म्हणाली, "बैलाचं नाव घेऊन एवढं जीव तोडून सांगत होता, मला दया आली."

तिसरी ता. क. नवीन गाणं घेतलंय जोडायला. दोन कडवी झाली आहेत. यात नवरा बिवरा असं काही आडून नाही, सरळ धाकलू असंच नाव आहे. रविवारी आलास तर दोनावरच थांबेन. चाल वहिनीने लावून दिली आहे.