परिषदेनंतर बघू

कॉलेज रोड, नाशिक
१६ नोव्हेंबर २०२५

चि. निकिता,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन लागत नाही. म्हणजे माझ्या नंबरावरून लागत नाही, हे कळायला मला दोन महिने लागले. म्हणून हे पत्र नामपूरच्या पत्त्यावर टाकते आहे. तुझ्या वडिलांना नमस्कार सांग. यंदा कांदाचाळीत माल कितपत टिकला?

इथे थंडी पडू लागली आहे. माझा गुडघा जिना चढू देत नाही, म्हणून मंडळाचं कार्यालय तळमजल्यावर हलवलं. आल्हाद दिवाळीला येऊन गेला. म्हणाला, "आई, फार थकलेली दिसतेस." मी म्हटलं, वय झालं. माझ्या मुलालाही मी हल्ली असंच काहीतरी सांगते.

पंधरा वर्षं मी उद्योजकांच्या या मंडळाची अध्यक्ष. लसी, औषधं, तपासणीचे किट बनवणाऱ्या आपल्या लहानमोठ्या कंपन्यांसाठी मंत्रालयात किती खेटे घातले ते तू पाहिलं आहेस. नाशिक म्हणजे नुसती द्राक्षं आणि कांदे नव्हेत, हे वाक्य मी इतक्यांदा बोलले की शेवटी शिपाईसुद्धा माझ्याआधी ते पुरं करायचे. मेमधल्या परिषदेत आपल्याला जीवविज्ञान पार्क जाहीर झाला, ते तू पेपरात वाचलं असशील. त्या व्यासपीठावर शेखरच्या कंपनीचा, सिकलसेल हा रक्ताचा आजार ओळखणारा किट मी स्वतः हातात धरून दाखवला. सुरगाण्याच्या शिबिरात दोनशे बारा जणांची तपासणी झाली, असं सांगितलं. टाळ्या पडल्या. त्याच कंपनीतल्या नोकरीचा राजीनामा देऊन तुला तेव्हा आठ दिवस झाले होते.

तुझ्या जागेवर कुणी मिळालं का, असं मी शेखरला त्या दिवशी विचारलं. तू का गेलीस, हे नाही विचारलं. ते मला माहीत होतं.

एप्रिलमध्ये तू माझ्या टेबलासमोर उभी राहिलीस. बस म्हटलं तरी बसली नाहीस.

"मॅडम, किट दोन दिवस चाळीस डिग्रीत राहिला की आजार असलेल्या रक्तालाही 'नाही' म्हणतोय. वीसपैकी तीन नमुने चुकले. सुरगाण्याचं शिबिर थांबवा."

"परिषद महिन्यावर आलीये, निकिता. शिबिराचे आकडे तिथे मांडायचेत. परिषदेनंतर बघू."

"आणि तोवर तिथली माणसं?"

मी समोरची फाईल उघडून वाचू लागले. त्यात वाचण्यासारखं काहीही नव्हतं.

तुला वाटतं, शेखरनं तुझं ऐकलं नाही. ते खरं नाही. तो संध्याकाळी माझ्याकडे आला होता, शिबिर पुढे ढकलायला तयार होता. मीच त्याला म्हटलं, गप्प राहा. कंपनी उभी करताना मी त्याच्या पाठीशी होते, तो माझ्या शब्दाबाहेर कसा जाणार? "तुम्ही म्हणाल तसं," म्हणून निघून गेला. किटची खोकी जीपच्या टपावर उन्हात दोन दिवस पडून होती, हेही मला नंतर कळलं.

अजून एक आहे, आणि ते लिहायला मला सगळ्यात जड जातं. जूनमध्ये पुण्याच्या एका कंपनीतून तुझ्याबद्दल विचारायला फोन आला. मी म्हटलं, "हुशार आहे, पण कामात अडवणूक करते." तुला ती नोकरी मिळाली नाही. कारण तुला कुणी सांगितलं नसेल. कारण मी होते.

सप्टेंबरात सुरगाण्याकडच्या आशा कार्यकर्त्या सुलाबाईंचा फोन आला. "मॅडम, तुमच्या शिबिरातली एक पोर बघायला या." मी गेले. गोदावरी नाव, अकरा वर्षांची, आश्रमशाळेत शिकते. चार महिने तिचे हातपाय ठणकत होते. पण आपल्या कागदावर 'सिकलसेल नाही' असं लिहिलेलं. म्हणून ती शाळा बुडवायला सोंग करते, असं सगळ्यांनी धरलं. कवायतीला सगळ्यांबरोबर उभं केलं. मोठ्या दवाखान्यात पुन्हा तपासलं तेव्हा आजार निघाला.

तिचा बाप, पुंजा, माझ्याकडे न बघता बोलला. "कागदावर काही नाय असं लिवलं व्हतं, बाई. मला वाटलं पोरगी खोटं बोलते. मारलं मी तिला. दोनदा."

त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याला वाटत होतं, चूक त्याची आहे. चूक माझी आहे, हे मी तिथेच, त्याच्या बायकोसमोर सांगितलं. त्यानं पोरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मंग तिला सांगा. ती माझ्याशी बोलत नाय." मी सांगितलं. गोदावरीनं ऐकून घेतलं आणि बापाचा हात धरला. माझ्याकडे पाहिलं नाही.

सगळ्या दोनशे बारा जणांची फेरतपासणी करून घेतली. अकरा निकाल चुकीचे निघाले. गोदावरीचं औषध चालू आहे, ठणका कमी आहे, शाळेत जाते. बाकीच्यांनाही खरा निकाल कळवलाय.

गेल्या सोमवारी औषध प्रशासनाकडे लेखी जबाब दिला. तू एप्रिलमध्ये सांगितलंस आणि मी थांबवलं नाही, शेखरलाही मीच गप्प बसवलं, असं सरळ लिहिलं. तोच मंडळाच्या बैठकीत वाचला आणि अध्यक्षपद सोडलं. विहंग, ज्याला मी मंडळात आणलं, म्हणाला, "पंधरा वर्षांवर तुम्हीच पाणी सोडलंत, मॅडम." पार्कचा फेरविचार चालू आहे, बहुधा जाईल. शेखरचं उत्पादन बंद आहे, चाळीस माणसं घरी बसलीत. त्यांची तोंडं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. तरी जबाब मागे घ्यावासा वाटला नाही. थकवा आहे, पण तो वेगळा.

पुण्याच्या कंपनीला मी खरं काय ते कळवलं. ते तुला बोलावतील की नाही, माझ्या हातात नाही.

चौकशीवाले तुला मात्र बोलावतील. जे घडलं ते सांग. मी तुला कधी काही शिकवलं असेन, तर ते आठवून माझ्यासाठी एकही शब्द मऊ करू नकोस. क्षमा मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढं ओझंही आता तुझ्यावर नको.

आता कुठल्याच पदावर नसलेली,
यशश्री गायधनी