पिंगळ्याला सोडायला जातोय

चिमे,

मागची खोली रिकामी बघून घाबरू नकोस, पिंगळा माझ्याबरोबर आहे. दुपारी पठ्ठ्याने कपाटावरून झेप घेतली आणि पलंगाखालचं झुरळ स्वतःच पकडलं. पंख मोडला होता हे सांगूनही कुणाला पटलं नसतं!

मी लगेच डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "काका, आज दिवेलागणीलाच सोडू या. जिथे सापडला त्या झाडापाशी तुम्हीच घेऊन या."

"अहो, मी जिने उतरत नाही," मी म्हटलं.

"मग तो काय खिडकीतून एकटा येणार?"

बाईंपुढे काही चालत नाही. खोक्याला भोकं पाडलीत. आत तुझा चांगला टॉवेल अंथरलाय, तेवढं पोटात घाल. आतून चोच आपटतोय, मला शिव्याच घालत असणार.

तुझी आई गेल्यापासून मी दाराबाहेर पाऊल टाकलं नाही, त्यामुळे माझी किल्ली कुठे ठेवलीये तेच आठवेना. शेवटी तिच्या पर्समधली घेतली.

तू आधी पोचलीस तर स्वयंपाकाला लागू नकोस. येताना भाजी मी आणतो.

बाबा