सोमवारची ड्युटी

भांडुप (प.),
रविवार, ४ मे २०२५

ती. वहिनींना,
अनुपमाचा वाकून नमस्कार.

तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालते. गुडघ्याला तेल लावताय ना? नुसतं उशाशी ठेवून गुडघा बरा होत नाही, हे तुम्हीच मला सांगायचात. इकडे उन्हाने जीव नकोसा केलाय. आमच्या टेकडीवर पाणी येतं तेही रडतखडत, कळशी भरेपर्यंत माणूस उभ्याउभ्या डुलक्या काढतो. ह्यांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून डॉक्टर म्हणतात चढण टाळा. आता घरच चढणीवर, तर टाळायचं काय? विक्रोळीला कंपनीच्या गेटवर ह्यांची शिफ्ट चालूच आहे. माझी पोळ्यांची कामंही चालू आहेत. कमरेला पट्टा बांधून लाटते.

तुमच्या परसातल्या रायवळाला यंदा आंबे धरले का? इथे बाजारात सगळे म्हणतात कोकणात आंबा कमी आहे.

पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. फोनवर बोलायचं तर आमच्या एवढ्याशा खोलीत दिशा शेजारीच बसलेली असते, आणि तिला वाटतं आपल्याबद्दलच चाललंय. बरोबरच वाटतं तिला. आज हे तिला केस कापायला घेऊन गेलेत, म्हणून लिहायला बसले.

मी मुद्द्यावर येत नाहीये, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आले की तुम्हाला राग येणार, म्हणून आधी दुसरं सांगते. निदान तेवढं तरी शांतपणे वाचाल.

गेल्या वर्षी दिशाला अठरा पूर्ण झाली आणि घाटकोपरच्या स्पेशल शाळेतून तिचं नाव कमी झालं. शेवटच्या दिवशी बाईंनी सगळ्या मुलांना गुलाब दिला, फोटो काढले. दिशा दुसऱ्या दिवशी सकाळी युनिफॉर्म घालून दारात उभी. शाळा संपली म्हणजे काय, ते तिला कसं सांगायचं? नॉर्मल मुलांची शाळा संपली की पुढे कॉलेज असतं, नाहीतर नोकरी. आमच्या मुलांची शाळा संपली की घर असतं. घर आणि आई.

शाळेचाच एक व्यवसाय विभाग आहे. तिथे संघमित्रा म्हणून एक मॅडम आहेत. शाळा सोडणाऱ्या मुलांना काम शिकवायचं, कुठेतरी चिकटवायचं, चिकटेपर्यंत त्यांच्याबरोबर उभं राहायचं, हे सगळं त्या एकट्या बघतात. मुलं ढीगभर, आणि घेणारे मालक मोजके. त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून मला वाटायचं, ही आपल्यातलीच आहे.

त्यांनी पहिल्यांदा दिशाला चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लावलं. खोट्या दागिन्यांचा कारखाना. कानातल्यांचे जोड पुठ्ठ्यावर अडकवायचे. बोटं बरी चालायची तिची, पण तिथला सुपरवायझर सगळ्यांवरच ओरडायचा. इतरांना सवय होती. एक दिवस तो दिशावर ओरडला आणि ती तिथेच जमिनीवर बसली. उठेना. कपडे ओले झाले. मला फोन आला, घेऊन जा आणि परत आणू नका. बसमध्ये ती माझ्या ओढणीत तोंड खुपसून बसलेली, आणि एकच विचारत होती, "आई, मी काय चूक केली?" पुढे कितीतरी दिवस भाजी निवडताना, अंघोळीला जाताना, मध्येच हेच विचारायची.

त्यानंतर ती घरीच होती. तुम्ही गणपतीत बघितलंत तिला, कशी सुजली होती, कशी नुसती बसायची. आणि मलाही बघितलंत. मागच्या पडवीत भांडी घासताना तुम्ही माझ्या हातातून टोप काढून घेतलात आणि म्हणालात, "चेडवाक माझ्याकडे ठेव गो. तू दमलंस. माकाय एकटीक घर खावक येता."

वहिनी, त्या वेळी मी हो म्हटलं ते तोंडदेखलं नव्हतं. भावजी गेल्यापासून तुम्ही एकट्या, तिला अंगण आवडतं, कोंबड्या आवडतात, तुमच्याशी तिचं जमतं. तुम्ही तिला कधी कुणापासून लपवलं नाही. सगळं बरोबर होतं. गुढीपाडवा झाला की पाठवते, असं मीच म्हटलं.

मधल्या काळात एक गोष्ट झाली, ती मी तुम्हाला फोनवर सांगितली नाही. दिवाळीनंतर संघमित्रा मॅडमनी दिशाला मुलुंडच्या एका हॉस्पिटलात लावलं. लाँड्रीतून धुऊन आलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटचे गाऊन वेगळे करायचे, घड्या घालायच्या आणि ज्या त्या वॉर्डाच्या फळीवर ठेवायच्या. मॅडमनी फळ्यांना रंगीत पट्ट्या चिकटवल्या, कारण दिशाला अक्षरं लागत नाहीत पण रंग लागतात. सुरुवातीला त्या तिच्या शेजारी उभ्या राहून घडी घालायच्या. मग दारात बसायला लागल्या. मग खाली कॅन्टीनमध्ये. एक दिवस आल्याच नाहीत, आणि दिशाला ते संध्याकाळपर्यंत कळलंही नाही.

तिथला मुख्य हर्षद म्हणून आहे. पहिल्या दिवशी माझ्यासमोरच मॅडमना म्हणाला, इथे शाळा नाय चालवायची. मला वाटलं, झालं, पुन्हा चारकोप. पण तो ओरडत नाही. घडी वाकडी आली तर चादर उलगडून परत तिच्या हातात देतो, बस. दिशा त्याला हर्षदसर म्हणते. घरी आली की आमच्या अंथरुणांच्याही घड्या घालते, हे झोपलेले असले तरी.

तुम्हाला का सांगितलं नाही? कारण मला वाटलं, हेही टिकायचं नाही. आणि खरं सांगायचं तर, टिकलं तर तुमच्याकडे पाठवता येणार नाही, हेही मनात होतं. म्हणून मी ते काम खरं धरलंच नाही. तुम्ही तिकडे मधली खोली रंगवायला काढलीत, तिला आवडतो म्हणून पिवळा रंग विचारून घेतलात, पडवीत कमोड बसवलात. मी फोनवर हो हो म्हणत राहिले. इथे रोज सकाळी तिला डबा भरून देत राहिले.

मार्चमध्ये मॅडमना सांगितलं, दिशा गावाला चालली, कायमची. त्या म्हणाल्या, "तुम्ही दिशाला विचारलंत का?" मला राग आला. म्हटलं, तिला काय कळतंय? जेवायला काय करू ते विचारलं तरी ती काल काय केलं होतं ते सांगते. त्यांनी वाद घातला नाही. त्यांची दुसरी मुलं रांगेत होती. सिद्धेश म्हणून एक मुलगा वर्षभर घरी बसलेला, त्याच्या आईला त्यांनी कळवलं की मुलुंडची जागा रिकामी होतेय.

दिशाला मी एवढंच सांगितलं की आपण काकीकडे चाललोय. ती खूश. तिने हर्षदसरांना सांगितलं, मी गावाला जाऊन येते.

आता त्या सकाळचं लिहिते.

ठाण्याला आम्ही वेळेच्या बरेच आधी पोचलो. हे सोडायला आले होते. दिशा नवा ड्रेस घालून बाकावर बसली होती, मांडीवर तुमच्यासाठी घेतलेली पिशवी. त्यात साडी होती आणि तुम्हाला आवडतो तो माहीमचा हलवा. गाडीची अनाउन्समेंट झाली, तेव्हा तिने विचारलं, "आई, सोमवारी ड्युटी आहे. रविवारी येऊ ना?"

मी म्हटलं, मी येईन. तू काकीकडे राहायचंस.

"मग कधी येऊ?"

मी म्हटलं, राहायचंच. आता तिथेच. काकी आहे, कोंबड्या आहेत.

मला वाटलं, आता ओरडेल, बसकण मारेल. मी हात घट्ट धरून ठेवला. पण तिने तसं काही केलं नाही. तोंड खाली घालून, अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "आई, मी काय चूक केली?"

गाडी आली. ह्यांनी बॅगा आणि तुमची पिशवी आत नेऊन सीटखाली सरकवल्या. दिशा उठली. उठली, वहिनी. माझा हात धरून डब्याच्या दारापर्यंत चालत आली, एक पाय वर ठेवला. मी चढ म्हटलं असतं तर ती चढली असती. तुमच्याकडे राहिलीही असती, तुम्ही वाढाल ते जेवली असती, आणि जन्मभर समजली असती की आपण काहीतरी वाईट केलं म्हणून आईने सोडून दिलं. तिने हट्ट केला असता तर मी तिला चढवलं असतं. तिने तो केला नाही, म्हणून मला चढ म्हणता आलं नाही.

मी तिला मागे ओढलं. ह्यांना हाका मारल्या. हे आमच्या बॅगा घेऊन खाली उतरले तेव्हा गाडी हलली होती. छातीवर हात धरून तिथेच बाकावर बसले. मला वाटलं, आता हेही जातात की काय. तुमची पिशवी आतच राहिली. कुडाळला तीच तेवढी पोचली असेल.

आणि तुम्ही स्टेशनवर उभ्या होतात. रिक्षा ठरवून, एवढ्या उन्हात, दुखऱ्या गुडघ्याने. सगळी माणसं उतरून गेली तरी तुम्ही शेवटच्या डब्यापर्यंत चालत जाऊन बघितलंत, असं रिक्षावाल्याने नंतर ह्यांना सांगितलं. मी फोन बंद करून ठेवला होता. तुम्हाला काय सांगायचं, कुठल्या तोंडाने, ते मला सुचत नव्हतं. ह्यांनी संध्याकाळी दोन ओळींचा मेसेज टाकला. त्यानंतर मी कितीदा लावला तरी तुम्ही फोन उचलला नाहीत. उचलू नयेच. मी तुमच्या जागी असते तर मीही उचलला नसता.

पुढे काय झालं ते सांगते. म्हणजे तुम्हाला असं नको वाटायला की इकडे आमचं सगळं छान झालं.

मी मॅडमकडे गेले, तर जागा सिद्धेशला दिलेली. त्याच्या आईने नवे बूटसुद्धा घेतले होते. मॅडमनी डोक्याला हात लावला. मग हर्षदशी बोलून अर्धं अर्धं केलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार दिशा. मधले दिवस सिद्धेश. त्याची आई माझ्याशी बोलत नाही, तिचंही बरोबरच आहे. दिशाला मधले दिवस समजत नाहीत. मंगळवारीही कपडे घालून दारात उभी राहते. मग मला परत तेच सांगावं लागतं, आज नाही, उद्या. आता मॅडम तिला एकटीने बसने जायला शिकवतायत. मागच्या आठवड्यात चुकीच्या स्टॉपला उतरली. ऑक्ट्रॉय नाक्यावर एका नारळपाणीवाल्याने तिच्या गळ्यातल्या कार्डावरचा नंबर लावून मला बोलावलं. मी कमरेच्या पट्ट्यासकट धावले. हॉस्पिटलवाले पुढेही ठेवतील की नाही, कुणी सांगत नाही. आमच्यानंतर तिचं काय, तो प्रश्न जिथे होता तिथेच आहे.

ह्यांनी मला विचारलं, गाडी सोडलीस त्याचं वाईट वाटतं का? मी नाही म्हटलं. ते खोटं होतं. तुम्हाला खरं सांगते, कारण तुम्हीच पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलंत. गाडी गेली तेव्हा माझ्या मनात दिशा नव्हती, तुम्हीही नव्हतात. मला वाटलं, आता मला झोप मिळणार नाही. तिला तुमच्याकडे सोडून येऊन दार लावून मी झोपणार होते. कुणी उठवणार नाही, कुणाचा घास बघायचा नाही. कितीतरी महिने मी तेवढ्यावर दिवस ढकलत होते. तुमचं एकटेपण, तिचं अंगण, कोंबड्या, सगळं मी स्वतःला सांगत होते. मला झोप हवी होती, वहिनी. त्यासाठी मी तुम्हाला खोली रंगवायला लावली.

ती खोली रिकामी ठेवू नका. तिथल्या शाळेतल्या कुणा बाईंना भाड्याने द्या, सोबत होईल. आमच्यासाठी राखून ठेवलीत तर मला इथे बसून ती दिसत राहील.

जिन्यावर आवाज आला, हे दोघं आलेत. आता आवरतं घेते.

एक मागणं आहे. रविवारी संध्याकाळी दिशा ह्यांच्या मोबाइलवरून तुम्हाला फोन लावते. तुमचा फोटो दिसतो ना, त्यावर बोट ठेवते. तो वाजत राहतो. मी म्हणते, राहू दे आता. मागच्या रविवारी मला म्हणाली, "काकीला ड्युटी असेल." तिच्या लेखी माणूस फोन उचलत नाही त्याला दुसरं कारणच नसतं. माझ्यावर हवा तितका राग धरा, माझा फोन वाजला तर वाजू द्या. तिचा उचला. काय बोलायचं ते तीच बोलेल, चादरींचंच बोलेल. तुम्ही नुसतं हूं म्हणा.

धाकटी जाऊ म्हणवून घ्यायचा हक्क अजून ठेवला असलात तर,
तुमचीच,
अनुपमा