मौनात आलेला फोन

छकुले,

“गोळ्या संपायच्या आत तज्ज्ञांना दाखवायचंच!” पेशंटची सुई तुला टोचली त्या दिवशी लागण टाळायच्या गोळ्या देताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. एचआयव्हीची गोष्ट आहे, सर्दी-पडशाची नव्हे. तुझं मात्र रोज एकच, “वॉर्डात माणसं कमी आहेत, उद्या जाते.” नर्स ना गं तू?

आज रात्रपाळीहून येऊन तू झोपलीस आणि तज्ज्ञांच्या दवाखान्यातून वेळ ठरवायला फोन आला. माझं सकाळचं मौन चालू. मी नुसती हं हं करत राहिले. पलीकडच्या मुलीने हॅलो हॅलो करून ठेवून दिला. स्वतःचाच संताप आला. डबीत उद्यापुरतीच गोळी उरली आहे.

एकही गोळी चुकू देणार नाही, असा शब्द दिलाय तुला. मौन सोडून त्या दवाखान्यात तुझी वेळ मागायला जाते. देवाची समजूत मी घालेन, तू उठून तयार राहा. दार हळूच ओढून घेते.

आई